शाळेतला वैरी, आताचा प्रियकर: पहिली डार्क रोमान्स कथा लिहिणाऱ्यांसाठी

ज्या प्रेमकथेत दोघांपैकी निदान एकाचे हात स्वच्छ नसतात, ती डार्क रोमान्स. सूड, धमकी, पाठलाग, फसवणूक हे सगळं तिच्यात येतं आणि तरीही शेवटी जोडी एकत्र यावी लागते. नाही आली तर वाचक तिला शोकांतिका म्हणतील, रोमान्स म्हणणार नाहीत. १९८० साली स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेच्या व्याख्येत दोनच अटी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा जागवणारा हवा. काळोख कितीही असो, या अटींतून डार्क रोमान्सला सूट नाही.

या प्रकारातली सर्वांत जास्त मागणी असलेली एक जोडी म्हणजे शाळेतले वैरी. इंग्रजी वाचक हिला ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणतात आणि छळ एकतर्फी असेल तर ‘बुली रोमान्स’. प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीतही अशा मालिका येतात. त्यांतल्या बऱ्याच मालिका पंधराव्या-विसाव्या भागापर्यंत जोरात चालतात आणि मग कोसळतात. कोसळण्याचं कारण बहुधा एकच असतं. लेखकाने वैर रंगवलेलं असतं, पण त्या वैरात कोण कोणाचं किती देणं लागतो हे ठरवलेलंच नसतं. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

वाचक इथे कशासाठी येतो

हे समजल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका. देखणा, श्रीमंत, रागीट नायक इतर कथांमध्येही मिळतो. शाळेतला वैरी वेगळा असतो, कारण तो साक्षीदार असतो. नायिका आज कोणीही असो, मोठ्या पदावर असो, सुंदर असो, शहरात स्थिरावलेली असो, ती फळ्यासमोर रडली होती तेव्हा तो तिसऱ्या बाकावर बसलेला होता. नवऱ्याला, मैत्रिणींना, सहकाऱ्यांना माहीत नसलेली ‘ती’ त्याला माहीत आहे. त्याच्यासमोर मुखवटा चालत नाही. सगळं उघडं पडण्याची भीती आणि कोणीतरी आपल्याला पूर्ण ओळखावं ही ओढ, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडतात. दुसऱ्या कोणत्याही जोडीत हे इतक्या सहज साधत नाही.

दुसरं कारण मानसशास्त्रातल्या एका प्रयोगात नीट दिसतं. १९६५ साली एलियट ॲरन्सन आणि डार्विन लिंडर यांनी विद्यार्थिनींना दुसऱ्या एका मुलीचं त्यांच्याविषयीचं मत ‘चोरून’ ऐकवलं, सात भेटींपैकी प्रत्येक भेटीनंतर. ती मुलगी प्रयोगकर्त्यांचीच होती. काहींना सातही वेळा स्तुती ऐकायला मिळाली. काहींना आधी निंदा आणि मग हळूहळू स्तुती. मग प्रत्येकीला विचारलं, ही मुलगी तुला किती आवडली? उणे १० ते अधिक १० अशा मापावर सतत स्तुती करणारीला सरासरी ६.४२ मिळाले, निंदेकडून स्तुतीकडे वळलेलीला ७.६७. ज्याचं मत आधी वाईट होतं त्याचं मन जिंकणं माणसाला जास्त मोलाचं वाटतं. प्रयोगातला ‘हळूहळू’ मात्र विसरू नका. एका भागात द्वेष आणि पुढच्या भागात मिठी असं झालं की हा परिणाम हातचा जातो.

तिसरं कारण सुरक्षित भीती. तिखट खाऊन डोळ्यांतून पाणी येतं तरी आपण आणखी मागतो, भयपट पाहतो, दुःखी गाणी ऐकतो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने या आवडीला निरुपद्रवी आत्मपीडा अशा अर्थाचं नाव दिलं आहे: शरीर धोक्याची घंटा वाजवतं, पण धोका नाही हे मनाला ठाऊक असतं. डार्क रोमान्सची वाचकही खऱ्या आयुष्यात असा माणूस शोधत नसते. पुस्तक कधीही मिटता येतं म्हणून ती ते उघडते. तिच्या या आवडीबद्दल तिला कमी लेखणाऱ्याने हा प्रकार लिहू नये. ते मजकुरात लगेच कळतं.

पहिली पायरी: जखम नेमकी ठरवा

‘तो तिला शाळेत फार त्रास द्यायचा’ ही जखम होत नाही. जखमेला दिवस, जागा, बघणारी माणसं आणि परिणाम लागतो. वहीच्या एका पानावर पाच ओळी लिहा: काय घडलं, कोणासमोर घडलं, त्यामुळे काय कायमचं बदललं, त्यात दुसऱ्याची चूक किती, आणि कोणती गोष्ट आजवर कोणालाच माहीत नाही. पाचवी ओळ रिकामी राहिली तर कथेच्या मध्यात उघड करायला तुमच्याकडे काही उरणार नाही.

पुढे सगळीकडे एकच नमुना घेऊ. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, नववी ब. शलाका वर्गाची मॉनिटर, छापखानेवाल्याची मुलगी, बोलताना अडखळणारी. निखिलने पाठांतर स्पर्धेत तिची नक्कल केली आणि तिचं नाव ‘कॅसेट’ पडलं. ते दहावीच्या निरोप समारंभापर्यंत पुसलं गेलं नाही. काही महिन्यांनी सहलीच्या वर्गणीतले १,२०० रुपये वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणातून गेले. मधल्या सुट्टीत वर्गात कोण होतं असं विचारल्यावर शलाकाने निखिलचं नाव सांगितलं. तो वर्गात होता हे खरंच होतं. तो रोजच असायचा, कारण त्याच्याकडे डबा नसायचा, आणि हे तिला माहीत होतं. ते तिने सांगितलं नाही. वर्गासमोर त्याला मार बसला, वडिलांना बोलावलं, त्याची शाळा कायमची सुटली.

या जखमेत दोघांचं देणं आहे. त्याने तिचा आवाज घेतला, तिने त्याचं नाव घालवलं. तिने खोटं काहीच सांगितलं नाही, फक्त अर्धं सांगितलं. अशी अर्धी चूक पूर्ण खोट्यापेक्षा कथेला जास्त दिवस पुरते, कारण ती करणाऱ्याला स्वतःला फसवत राहता येतं.

जखम निवडताना शाळेच्या रोजच्या वस्तूंत शोधा. बडबड करणाऱ्यांची फळ्यावर लिहिलेली नावं, तुकडी अ आणि ब मधलं अंतर, फी-माफीचा अर्ज वर्गात मोठ्याने वाचला जाणं, स्लॅम बुकमधलं पान, दप्तरात सापडलेली दुसऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी. परदेशी कथांमधले लॉकर, फुटबॉलचा कप्तान आणि प्रॉम नाइट आणले की मराठी वाचकाची स्वतःची शाळा जागी होत नाही. आणि इथे सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. पौगंडावस्था आणि तरुणपणीच्या आठवणी माणसाला उतारवयातही सर्वांत ठळक आठवतात असं स्मृतीच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. खडूचा वास लिहिलात तर वाचक बाकीचं स्वतःच भरते.

दुसरी पायरी: वयाची रेषा

यात तडजोड नाही. शाळेतल्या प्रसंगांत फक्त वैर येईल. शारीरिक आकर्षण, स्पर्श, चुंबन, ‘तेव्हापासूनच तो तिच्याकडे तसा पाहायचा’ असली वाक्यं, काहीही नाही. पॉक्सो कायदा (२०१२) अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो, आणि वाचन-ॲपही या बाबतीत कथा काढून टाकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी कथेच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे. प्रेम शाळेतच सुरू झालं असेल तर वैर हे नुसतं रुसणं ठरतं आणि सगळा काळोख खोटा पडतो.

दोघांना किमान २५ वर्षांचं करा. २८ ते ३५ उत्तम. मधली सगळी वर्षं दोघांनी वेगवेगळी जगलेली असली पाहिजेत. नमुन्यातली जोडी ३१ वर्षांची आहे.

तिसरी पायरी: सत्तेचे दोन रकाने

वहीत दोन रकाने पाडा, एक तिचा, एक त्याचा. प्रत्येक भाग लिहिण्याआधी नोंदवा: आत्ता कोणाच्या हातात काय आहे? पैसा, जागा, गुपित, कायद्याचा आधार, गावातली पत, घरच्यांचा पाठिंबा. सलग पाच भाग एकच रकाना भरत राहिला तर कथा छळकथा होते. वाचकाला धडधड हवी असते, आणि ती सत्ता इकडून तिकडे सरकण्यात असते.

नमुन्यात निखिल बिल्डरचा भागीदार होऊन परततो आणि ज्या जुन्या वाड्यात शलाकाच्या वडिलांचा छापखाना तीस वर्षं भाड्याने आहे तो वाडाच विकत घेतो. ऐन लग्नसराईत, पत्रिकांच्या ऑर्डरी अडकलेल्या असताना, छापखान्याची वीज तोडतो. इथे त्याचा रकाना भरला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूला कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढता येत नाही आणि वीज-पाण्यासारख्या गरजेच्या सोयी तोडणं हा घरमालकाचा गुन्हा आहे. शलाका वकील गाठते, मनाई हुकूम आणते. आता तिचा रकाना भरला. शिवाय शाळेची प्रगतिपुस्तकं आणि हजेरीपट तिच्याच छापखान्यात छापले जातात. जुनं रेकॉर्ड कुठे ठेवलेलं असतं हे तिला माहीत आहे.

असे तपशील नुसते सजावटीला नसतात. नायिकेने कायद्याचा विचारच केला नाही तर वाचक तिसऱ्या भागात विचारते, ‘ही पोलिसांकडे का जात नाही?’ उत्तर तुमच्याकडे हवं. पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या खेपेला तीन वर्षांपर्यंत कैद. नायक तिचा बॉस असेल तर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते. नायिका तक्रार करते, करायची धमकी देते, किंवा एका ठोस कारणाने थांबते. तिन्ही चालतील. तिला हे सुचतच नाही, हे चालणार नाही.

चौथी पायरी: काळोख किती

तीन थर धरा. वरच्या थरात सूड, खोटं, सार्वजनिक अपमान, धंदा बुडवण्याचा डाव. मधल्यात पाठलाग, ब्लॅकमेल, कोंडून ठेवणं. तळाशी मारहाण आणि जबरदस्ती. पहिल्या कथेसाठी वरचा थर पूर्ण वापरा आणि मधल्यातली एकच गोष्ट घ्या. तळाचा थर नायकाच्या हातून घडवू नका. इंग्रजीत तो लिहिणारे आहेत, त्यांचे वाचकही आहेत. पण केलेल्याची भरपाई कथेत करावी लागते, आणि जबरदस्तीची भरपाई होईल असं प्रायश्चित्त नवख्या लेखकाला छत्तीस भागांत उभं करता येत नाही. मग तो सगळं एका माफीवर उरकतो, आणि जिने असं काही सोसलं आहे त्या वाचकाला ते फार लागतं.

दुसरा नियम: जवळीक तेव्हाच, जेव्हा दोन्ही रकाने जवळपास सारखे असतात. नमुन्यात पहिलं चुंबन मनाई हुकूम हातात आल्यानंतर येतं. आता तो तिला बाहेर काढू शकत नाही. ती त्याच्याकडे येते ती स्वतःहून येते, आणि वाचकाला कोणतीही शंका उरत नाही. हेच चुंबन वीज तोडलेल्या रात्री घातलंत तर वाक्यं तीच राहून अर्थ उलटा होईल.

पाचवी पायरी: आराखडा

४५,००० शब्द, ३६ भाग, प्रत्येकी साधारण १,२५०. फोनवर वाचणाऱ्याला एका बैठकीत एवढा भाग पेलतो. आळीपाळीने एक भाग तिचा, एक त्याचा, प्रथमपुरुषात. मराठीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यातून कोण बोलतंय ते पहिल्याच ओळीत कळतं, त्यामुळे प्रत्येक भागावर नावाची पाटी लावायची गरज नाही. त्याचा आवाज हवाच. तो बदलतोय हे तिच्याआधी वाचकाला कळलं पाहिजे. नाहीतर तो फक्त क्रूर दिसतो.

भाग १ ते ५: समोरासमोर येणं आणि जखमेची फक्त सावली. ६ ते १४: डाव, प्रतिडाव, आणि दोघांना एकाच जागी अडकवणारं कारण. १५ व्या भागात शाळेतला तो दिवस पूर्ण सांगा, पण एकाच बाजूने. १६ ते २३ मध्ये दुसरी बाजू तुकड्यातुकड्याने. २४ ला पहिली खरी जवळीक. २७ ला मोडणं. मोडणं गैरसमजातून नको, कोणाच्या तरी खऱ्या कृत्यातून हवं. नमुन्यात शलाकाला कळतं की वाडा घेताना निखिलने छापखान्याच्या जागेवरच पहिली खूण केली होती, त्याला दुसरं काही नकोच होतं. २८ ते ३४ प्रायश्चित्त. शेवटचे दोन भाग एकत्र येण्याचे.

प्रायश्चित्ताला सात भाग जास्त वाटतील. नवखे लेखक दोनात उरकतात. तेच मालिका कोसळण्याचं ठिकाण.

तू, तुम्ही आणि आडनाव

या कथेसाठी मराठीने दिलेलं सर्वांत धारदार हत्यार संबोधन आहे आणि बहुतेक जण ते वाया घालवतात. शाळेत मुलं-मुली एकमेकांना आडनावाने हाक मारतात: ‘ए जोशी’, ‘काय रे पवार’. सोळा वर्षांनी वाड्याच्या ओसरीवर, वडिलांसमोर भेटल्यावर तोंडातून ‘तुम्ही’ येतं. ते ‘तुम्ही’ आदराचं नसतं, अंतर राखणारं असतं. वाद पेटला की नकळत ‘तू’ निघतं आणि दोघेही क्षणभर थांबतात, कारण ते नववीतलं ‘तू’ आहे. पुढे जवळीक आल्यावर तेच ‘तू’ परत येतं, आता वेगळ्या आवाजात. म्हणजे ‘तू’ वैराचंही आणि प्रेमाचंही, आणि मधल्या काळात फक्त ‘तुम्ही’.

हे पक्कं पाळायचं तर कोणत्या भागात कोण कोणाला काय म्हणतो याची यादी करा. पहिलं ‘तू’ साधारण नवव्या भागात, रागात. दुसरं वीस-एकविसाव्या भागात, काळजीत. तो तिला पहिल्यांदा आडनाव सोडून ‘शलाका’ म्हणतो तो प्रसंग आणखी उशिरा. चारचौघांत, घरच्यांसमोर पुन्हा ‘तुम्ही’ चालू राहील, आणि लपवलेलं ‘तू’ हा दोघांमधला गुप्त धागा होईल. तिच्या वडिलांना तो ‘काका’ म्हणेल की ‘साहेब’, यावरूनही भागागणिक त्याचं मन दिसतं.

तीन प्रसंग, ज्यांवर कथा उभी राहते

पहिली भेट. इथे ओळख पटण्याची वेळ वेगवेगळी ठेवा. एकाने आधी ओळखलेलं असतं, दुसऱ्याला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत पहिल्याकडे सत्ता असते. निखिल वाड्याची कागदपत्रं पाहायला येतो. ती त्याला गिऱ्हाईक समजून पत्रिकांचे नमुने दाखवते. बोलता बोलता ती एका शब्दावर अडते, आणि तो तिचा शब्द पूर्ण करतो. त्या क्षणी तिला कळतं हा कोण. जखमेशी जोडलेल्या कृतीतून ओळख पटली की वर्णनाच्या दोन परिच्छेदांची गरज उरत नाही.

दुसरा, चुकून झालेला चांगुलपणा. साधारण अकराव्या-बाराव्या भागात वैऱ्याच्या हातून असं काही घडावं जे त्याच्या डावाच्या विरुद्ध आहे आणि जे कोणी पाहिलं नाही असं त्याला वाटतं. मोठं नको. तिच्या म्हाताऱ्या मशीनमनचा दवाखान्याचा खर्च भरून टाकणं हे फार झालं. लोडशेडिंगमध्ये जिन्यावर तिच्या वडिलांना हात देणं पुरे. छोट्या गोष्टीवर वाचक विश्वास ठेवते. मोठी गोष्ट लाच वाटते.

तिसरा, सत्याचा प्रसंग, जिथे जखमेच्या पानावरची पाचवी ओळ उघडते. तो घडवताना कबुली देणाऱ्याला रडवू नका. कबुली देणारा रडला की ऐकणाऱ्यावर समजूत काढायची जबाबदारी येते, आणि देणं बाजूला राहतं. शलाकाने सरळ सांगावं: तुझ्याकडे डबा नसायचा हे मला माहीत होतं, मी ते मुद्दाम सांगितलं नाही. एवढंच. मग त्याला दोन भाग गप्प राहू द्या.

प्रायश्चित्त: देणं त्याच नाण्यात

घाव ज्या प्रकारचा, भरपाई त्याच प्रकारची. अपमान चारचौघांत झाला असेल तर खोलीत मागितलेली माफी पुरत नाही. पैशाने झालेलं नुकसान फुलांनी भरत नाही. वाचकाला हा हिशेब शब्दांत मांडता येणार नाही, पण चुकला की ती पान मिटते.

निखिलचं नाव वर्गासमोर गेलं, म्हणून शलाका माजी विद्यार्थी मेळाव्यात, त्याच वर्गशिक्षकांसमोर, माइकवर उभी राहून अर्धं राहिलेलं सत्य पूर्ण सांगते. ती अडखळते. वर्गातलं कोणीतरी हसतं. निखिल पहिल्या रांगेत आहे, आणि यावेळी तो तिचा शब्द पूर्ण करत नाही. थांबतो. तिला लागेल तेवढा वेळ घेऊ देतो. त्याने घेतलेला आवाज असा परत येतो. एका प्रसंगात दोघांची फेड झाली, आणि पहिल्या भेटीत पेरलेली कृती इथे उलटली. पहिल्या भागात काय पेरायचं ते म्हणूनच शेवट ठरल्यावरच ठरतं. एकतीस-बत्तीसावा भाग आधी लिहा, मग पहिला.

दुसरी अट क्रमाची. आधी सत्ता सोडायची, मग प्रेम मागायचं. निखिल छापखान्याच्या जागेचा करार तिच्या वडिलांच्या नावाने नोंदवून देतो आणि त्या कागदाबरोबर काहीही मागत नाही. ‘मी हे तुझ्यासाठी केलं’ हे वाक्य तिथे आलं तर तो कागद फास होतो. कागद आणि प्रेमाची कबुली यांत निदान एक पूर्ण भाग जाऊ द्या, ज्यात त्याला माहीत नसतं की ती येईल.

तिला क्षमा नाकारण्याची खरी संधी हवी. ती एकदा ‘नाही’ म्हणते आणि तो ते मानतो, असा एक भाग ठेवा. डार्क रोमान्समधला सर्वांत मोहक क्षण बऱ्याचदा हाच असतो. ज्याने आजवर कोणाचं ‘नाही’ ऐकलं नाही, त्याने ते ऐकलं.

कुठे बिघडतं

नायिका फक्त सोसते. कारण लेखकाला ती निष्पाप ठेवायची असते. तिला एक चूक आणि एक हत्यार द्या.

नायकाचा क्रूरपणा बालपणीच्या दुःखावर ढकलला जातो. बाप दारुडा होता, म्हणून तो असा. दुःखाने स्वभाव समजतो, कृत्य माफ होत नाही. ‘म्हणून’ हा शब्द त्याच्या तोंडी येऊ देऊ नका. दुसऱ्या कोणाला बोलू द्या आणि त्याला ते नाकारू द्या.

तिसरा माणूस राक्षस होतो. नायक बरा दिसावा म्हणून त्याहून वाईट खलनायक आणला जातो, मग नायक तिला वाचवतो आणि जुनं देणं फिटलं असं गृहीत धरलं जातं. तिसऱ्याने केलेल्या घावातून वाचवल्याने स्वतःचा घाव भरत नाही.

मत्सरालाच प्रेम म्हणून खपवणं. तिच्याशी कोणी बोललं की तो मारामारी करतो. पहिल्यांदा धडधड होते, तिसऱ्यांदा कंटाळा येतो. त्याला मत्सर वाटू द्या, पण त्याची किंमत त्याने स्वतः मोजावी.

शाळेचे फ्लॅशबॅक लांबतात. एकूण कथेच्या एक-दशांशाहून, म्हणजे ४,५०० शब्दांहून जास्त देऊ नका. एका वेळी दोन-तीनशे शब्द पुरतात. आणि तिरप्या अक्षरांत पूर्ण भाग छापू नका. फोनवर देवनागरी तिरपी वाचताना डोळे दुखतात.

प्रसिद्ध करताना

कथेच्या माथ्यावर इशारा हवा. इंग्रजी डार्क रोमान्समध्ये पुस्तकाच्या सुरुवातीला अशी यादी देण्याची रीत पक्की झाली आहे. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांच्या कथासंग्रहावर तर तीव्र हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, लैंगिक जबरदस्ती आणि अल्पवयीनांचे लैंगिक प्रसंग यांविषयी ठरावीक इशारे निवडावे लागतात, किंवा आपण इशारा देत नाही असं स्पष्ट सांगावं लागतं. मराठीत तीन-चार ओळी पुरतात. उदाहरणार्थ: ‘ही कथा १८ वर्षांवरील वाचकांसाठी आहे. कथेत शालेय छळ, सार्वजनिक अपमान, धमकी आणि पाठलाग यांचे प्रसंग आहेत. लैंगिक जबरदस्ती नाही. शेवट सुखाचा आहे.’ शेवट सांगितल्याने मजा जात नाही. सुखान्ताची खात्री असली की वाचक मधला काळोख निर्धास्तपणे सोसते. काय नाही हेही लिहा, अनेकींना तेच आधी जाणून घ्यायचं असतं. एखाद्या भागात विशेष कठीण प्रसंग असेल तर त्या भागाच्या सुरुवातीला पुन्हा एक ओळ द्या, कारण मालिका वाचणारी पहिल्या भागावरचा इशारा विसरलेली असते.

प्रतिलिपीवर किंवा कुठेही मालिका सुरू करण्यापूर्वी किमान बारा भाग तयार ठेवा, आणि प्रायश्चित्ताचे भाग निदान आराखड्यात. मग आठवड्याला दोन भाग, ठरलेल्या वारी. नुसते चार भाग हातात घेऊन सुरुवात केली की प्रतिसाद लिहिणाऱ्या वाचकांच्या मागणीप्रमाणे कथा वळू लागते: काहींना नायकाला लगेच माफी हवी असते, काहींना तो अजून क्रूर हवा असतो. रकाने आधीच भरलेले असतील तर दोन्ही मागण्या प्रेमाने वाचता येतात आणि कथा आपल्या वाटेने चालते.

पहिला भाग टाकण्याआधी एका अशा मैत्रिणीला वाचायला द्या जी हा प्रकार वाचते, आणि एकीला जी वाचत नाही. पहिलीला विचारा, कंटाळा कुठे आला. दुसरीला विचारा, कुठे वाचणं थांबवावंसं वाटलं. दोघींनी एकाच परिच्छेदावर बोट ठेवलं तर तो परिच्छेद काढा.